बेंद्र्यांचं इंदूर आणि माळव्याचा उजेड

नारायण श्रीधर बेंद्रे म्हटलं की चित्रकलेतल्या माणसांचं बोलणं लगेच बडोद्याकडे वळतं, नाहीतर मुंबईकडे. बडोद्याला पिढी घडवणारे बेंद्रेसर, किंवा शेवटच्या काळात ठिपक्याठिपक्यांनी बायका आणि गुराखी रंगवणारे बेंद्रे. इंदूर राहूनच जातं. त्यांचा जन्म इंदूरचा, २१ ऑगस्ट १९१०चा. ब्रश हातात धरायला ते शिकले तेही तिथेच. शाळेत चित्रकला शिकवताना निसर्गचित्राच्या तासाला मी मुलांना त्यांची छापील चित्रं दाखवायची, आणि दर वेळी वाटायचं, या माणसाने उन्हाकडे पाहायला सुरुवात केली ते ऊन एकदा पाहून यावं. यंदाच्या जानेवारीत मावसबहिणीला बरोबर घेतलं, रंगांची पेटी घेतली आणि नाशिकहून रात्रीच्या बसने निघालो.

गुरुवार : रामबाग आणि राजवाडा

रामबागेत माझ्या नवऱ्याच्या आत्या राहतात. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण पहाटेपासून स्वयंपाकघरात. "या गं, कधीची वाट पाहून राहिलेय. पोहे वाफेवर ठेवलेत, तुमच्याकडच्यासारखे कढईत परतलेले नाहीत." वाफवलेले मऊसूत पोहे, वर बारीक शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जिरावण या इंदुरी मसाल्याची चिमूट. शेजारी गरम जिलेबी. गोड-तिखट एकाच घासात खायची इथली रीत मला पहिल्या दिवशीच लागली.

आम्ही कशासाठी आलोय ते ऐकल्यावर आत्यांना एकदम आठवलं. त्या शाळेत असताना आर्ट स्कूलची मुलं कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी, स्टूल टाकून बसायची आणि शाळेतून परतणारी पोरं त्यांच्या मागे घोळका करून उभी राहायची. "एकाने मला चित्रात घातलं होतं. लाल झगा होता माझा. जवळ जाऊन बघितलं तर नुसता लाल फटकारा! मी रडले. मग तो म्हणाला, जरा मागे जाऊन बघ. मागे गेले, तर खरंच मीच होते." एवढ्या वर्षांनीही हे सांगताना त्या हात लांब करून डोळे बारीक करत होत्या.

संध्याकाळी राजवाडा. सात मजल्यांतले खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४च्या दंगलीत आतला बराच भाग जळाला, पण दर्शनी भाग उभा राहिला. साडेचारनंतर ऊन तिरपं येतं आणि लाकडी सज्जांच्या सावल्या खालच्या दगडावर उतरतात. आम्ही समोरच्या बागेच्या कठड्यावर बसून तासभर त्या सावल्या सरकताना पाहिल्या. आधी त्या राखाडी वाटल्या. नजर स्थिरावली तसा त्यांत जांभळा दिसायला लागला.

जाणाऱ्यांसाठी : राजवाड्याच्या भोवती गाडी लावायची खटपट करू नका, रिक्षाने जा. आणि सोमवारी इथली सरकारी संग्रहालयं बंद असतात, त्याप्रमाणे दिवस आखा.

शुक्रवार : देवळालीकरांची शाळा, कृष्णपुरा, सराफा

दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे नाव महाराष्ट्रात आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. होळकर संस्थानातली चित्रकलेची शाळा त्यांनी उभी केली, १९२७ साली. तिचंच पुढे सरकारी ललित कला महाविद्यालय झालं. त्यांच्या हाताखालून गेलेली नावं पाहा : बेंद्रे, सोलेगावकर, देवयानी कृष्ण, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर, आणि मकबूल फिदा हुसेन. एका संस्थानी शहरातल्या एका मास्तरांच्या वर्गातून एवढी माणसं निघाली, त्याचं कारण शोधायला लागलं की देवळालीकरांच्या पद्धतीपाशी यावं लागतं. त्या काळी बहुतेक ठिकाणी विद्यार्थी प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून महिनोन्‌महिने छायाभेद घोटायचे. देवळालीकर पायाभूत रेखाटन पक्कं करून घेत, पण मुलांना रंगपेटी देऊन उघड्यावर पिटाळत. दाट, अपारदर्शक रंग, मोठे फटकारे, तपशिलाआधी उजेड. फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्टांनी जे केलं होतं, त्याची ही माळव्याच्या धुळीत रुजलेली आवृत्ती. पुढे तिला इंदूर स्कूल असंच नाव पडलं.

त्यांच्या नावाने असलेल्या कला वीथिकेत गेलो. जाण्याआधी प्रदर्शन चालू आहे का ते विचारून घ्या. बेंद्र्यांची मूळ चित्रं पाहायची तर दिल्ली-मुंबईची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयं गाठावीत. इंदूरला यायचं ते चित्रातल्या जागा आणि ऊन पाहायला.

आणि ते पाहायला मिळालं कान्ह नदीकाठच्या छत्र्यांपाशी. होळकरांच्या या दगडी छत्र्या शहराच्या ऐन गर्दीत आहेत. पुलावरून वाहनांचा गोंगाट चालू असतो, आणि पायऱ्या उतरून खाली गेलं की खांबांची रांग, कोरीव शिखरं आणि पारवे. तिथे एक गृहस्थ छोटा ईझल लावून काम करत होते. पंचाहत्तरीचे असावेत. आम्ही मराठीत बोलतोय म्हटल्यावर त्यांनी मागे वळून न बघताच विचारलं, "पुण्याच्या का?" नाशिकच्या म्हटल्यावर बाजूची पायरी हाताने झटकून दिली. ते देवळालीकरांच्या याच शाळेत शिकलेले, डी. जे. जोशीसरांचे विद्यार्थी. पुढे आम्ही त्यांना काकाच म्हणायला लागलो.

काकांचं काम मी अगदी हाताच्या अंतरावरून पाहिलं. छत्रीच्या पायथ्याशी पडलेली सावली रंगवायची होती. पॅलेटवर त्यांनी अल्ट्रामरीन निळा घेतला, त्यात क्रिमसन लालचा कण ओढला, मग नाइफच्या, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीच्या, टोकावर यलो ऑकर हा मातकट पिवळा इतका थोडा की मिसळल्यावर दिसेनासा व्हावा. तो गोळा त्यांनी अर्धवटच मिसळला. नाइफ कॅनव्हासवर आडवा ठेवून एकदाच खाली ओढला. त्या एका पट्ट्यात वर निळा, मध्ये जांभळा आणि कडेला, जिथे उन्हातला दगड सुरू होतो, तिथे किंचित तांबूस असे तीन रंग सरकत गेले. शेजारचा उन्हातला दगड त्यांनी आधीच पिवळट-केशरी लावून ठेवला होता. सावली लागली आणि तो दगड पेटलाच. "सावलीत काळा टाकला की कॅनव्हासला भोक पडतं, ताई," ते म्हणाले. "आम्हाला सरांनी काळ्याची ट्यूब पेटीतच ठेवू दिली नाही."

बेंद्र्यांच्या कारकिर्दीकडे मी आता याच सावलीतून बघते. त्यांनी शैली कितीदा बदलली याची यादी लोक देतात, कधी कौतुकाने, कधी तक्रारीच्या सुरात. मला वाटतं शैली बदलत गेली ती सगळी वरवरची रचना होती. उन्हातल्या रंगाला सावलीतला रंगच उत्तर देतो, ही इंदूरची शिकवण त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

हुसेनचा जन्म पंढरपूरचा, पण मुलगा वाढला इंदूरला. पोरवयात तो सायकलवर सामान बांधून शहराबाहेर लँडस्केपं करत हिंडायचा. बेंद्रे त्याच्याहून थोडे मोठे. हुसेनच्या वडिलांशी बोलून, पोराला चित्रकारच होऊ द्या असं त्यांनी सांगितल्याची आठवण पुढे खुद्द हुसेन यांनीच सांगितली आहे. ती दोघं उन्हातान्हात बसून रंगवत असतील त्या जागांवर आता कॉलन्या झाल्यात. "आम्ही जिथे ज्वारीची शेतं रंगवली तिथे मॉल उभा आहे," एवढंच बोलून काका गप्प झाले.

रात्री सराफा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात, त्यामुळे नऊच्या आधी जाण्यात अर्थ नाही. जानेवारीत गेलात तर गराडू चुकवू नका : कंदाच्या फोडी दोनदा तळून, वर जिरावण आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. भुट्ट्याचा कीस आत्यांच्या घरचाच जास्त चांगला, हे मात्र मी ठामपणे सांगेन. दुधात शिजवलेला तो कीस, त्यावर मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी आणि ओलं खोबरं.

शनिवार : जाम घाट आणि महेश्वर

गाडी ठरवून सकाळी महूमार्गे निघालो. माळव्याचं पठार जाम दरवाजापाशी एकदम संपतं. अहिल्याबाईंच्या काळातला हा दरवाजा विंध्याच्या कड्यावर उभा आहे, आणि त्याच्या पलीकडे जमीन खाली नर्मदाकाठच्या निमाडात कोसळते. एकामागे एक डोंगरांच्या ओळी, प्रत्येक मागची ओळ आधीच्यापेक्षा फिकी आणि निळसर. हवेतून दूरचा रंग कसा बदलतो हे मी फळ्यावर खडूने शिकवत आले होते, इथे ते डोळ्यांसमोर पसरलं होतं.

बेंद्रे मुंबईहून जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका घेऊन बाहेर पडले आणि १९३६च्या सुमारास काश्मीरला गेले. तिथल्या व्हिजिटर्स ब्यूरोत चित्रकार म्हणून काही वर्षं त्यांनी काम केलं. पर्यटकांना काश्मीर दाखवायचं हे नोकरीचं काम, म्हणजे डोंगर, पाणी आणि हवा दिवसभर समोर. विंध्याच्या या ओळींवर नजर तयार झालेला माणूस हिमालयासमोर गडबडून जाणार नाही, असं मला दरवाजाखाली उभं राहून वाटलं. बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक त्यांना त्याआधीच, १९३४ साली मिळालं होतं. सुवर्णपदक आलं १९४१ला.

शनिवार-रविवारी जाम दरवाजाला इंदूरच्या तरुण मुलांची फार गर्दी होते. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर स्केच करायला जागा मिळेल. कड्याला सगळीकडे कठडा नाही, मुलं बरोबर असतील तर जपा.

महेश्वरला पोहोचलो आणि आभाळ भरून आलं. जानेवारीतला मावठा! मी वर्षभर ज्या उन्हाची वाट पाहिली ते गायब, आणि घाटावर बारीक झिमझिम. बहीण म्हणाली खोलीवर जाऊ. पण अहिल्या घाटाच्या पायऱ्यांवर पाणी पडलं तसा दगडाचा रंग उमलून आला : काळसर पायऱ्यांत हिरवा, भिंतीत तांबडा, आणि नर्मदा वरपासून खालपर्यंत एकच मोतिया राखाडी. किल्ल्याच्या ओसरीखाली बसून मी ओल्या कागदावर ओला रंग सोडला. नदी आणि आभाळ वेगळे करायची गरजच नव्हती. पलीकडचा काठ म्हणजे एक पुसट रेघ.

त्या कागदाकडे बघताना शांतिनिकेतन आठवलं. १९४५ साली बेंद्रे तिथे राहिले, नंदलाल बोस, रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी या तिथल्या कलागुरूंच्या सहवासात. इंदूरने त्यांना रंगाचा जाड थर दिला होता. शांतिनिकेतनात त्यांना रेघ भेटली, आणि कागद मोकळा सोडण्याचं धाडस भेटलं. तिशी उलटलेला, पदकं मिळालेला चित्रकार पुन्हा शिकायला बसतो, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठी वाटते.

महेश्वर हे देवकृष्ण जटाशंकर जोशींचं, म्हणजे डी. जे. जोशींचं जन्मगाव. बेंद्र्यांच्याच पिढीचे, १९११चे. बेंद्रे बाहेर पडले आणि जग पाहून आले, जोशी मात्र मध्य भारतातच राहिले, नर्मदेचे घाट आणि मांडू रंगवत, शिकवत. घाटावरच्या नावाड्याला विचारलं तर त्याला जोशी माहीत नव्हते, पण "पेंटर लोग तो बहुत आते हैं" म्हणत त्याने कोणत्या कोनातून सगळे चित्र काढतात ती जागा बिनचूक दाखवली.

जाणाऱ्यांसाठी : महेश्वरचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर आहे, घाटांचं तोंड दक्षिणेला. म्हणून हिवाळ्यात दर्शनी भिंतीवर दिवसभर ऊन असतं, पण कोरीव काम खुलतं ते सकाळी आठच्या आत आणि चारनंतर. होडी घेऊन प्रवाहात जा आणि तिथून किल्ला बघा.

रविवार : माग, मग मांडू

सकाळी आभाळ अर्धं मोकळं झालं. निघण्याआधी विणकरांकडे गेलो. किल्ल्याच्या दगडावरचे लाटांचे आणि चटईचे नक्षीकाम इथल्या साड्यांच्या काठावर येतं, हे वाचलं होतं. पण मला खिळवून ठेवलं एका साध्या बिनबुट्टीच्या अंगाने. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, हिरवं रेशीम, आडव्या बाण्याला राणी रंगाचं सूत. मागाला नाक लावून बघितलं तर दोन्ही धागे वेगळे, हिरवा तो हिरवा आणि राणी तो राणी. विणकर ताईंनी कापड उचलून दारातल्या उजेडात धरलं आणि तिथे तिसराच रंग उभा राहिला, मोराच्या मानेजवळचा. कापड हलवलं की तो पुन्हा बदलायचा.

बेंद्र्यांच्या उतारवयातल्या चित्रांचं मर्म मला तिथे उलगडलं. १९७०नंतर त्यांनी ठिपक्यांची पद्धत धरली. शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, मिसळायचे पॅलेटवर नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यात. फ्रान्समध्ये सरा या चित्रकाराने १८८०च्या दशकात हे शास्त्र म्हणून मांडलं होतं. बेंद्र्यांच्या हातात ते शास्त्राचं काटेकोर राहिलं नाही, मऊ आणि ऊबदार झालं. पाण्याला जाणाऱ्या बायका, झाडाखाली बसलेली माणसं, आणि त्यांच्या अंगावरून गळणारं ऊन. काकांच्या नाइफवर अर्धवट मिसळलेले तीन रंग आणि हे ठिपके यांत मला फार अंतर दिसत नाही.

दुपारी मांडू. वाटेत गोरखचिंचेची झाडं लागतात, हत्तीच्या पायासारखे बुंधे असलेली. वाळलेल्या फळातला आंबट गर रस्त्याकडेला विकतात, तोंडात ठेवला की तहान भागते. जेवण दाल-पानिये : मक्याच्या पिठाचे गोळे पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले. पानाच्या शिरा भाकरीवर उमटतात. वर तूप मागून घ्या, न मागता थोडंच पडतं.

मुंज तलाव आणि कपूर तलावाच्या मधल्या जहाज महालापाशी सगळे थांबतात, थांबायलाच हवं. मी मात्र होशंगशाहच्या मकबऱ्यासमोर जास्त वेळ बसले. पांढरा संगमरवर, घन चौथरा, वर अर्धगोल घुमट. ढग सरकत होते तसा प्रत्येक पृष्ठभाग वेगळा उजळायचा : एक बाजू निळी, एक पिवळसर, घुमटाचा तुकडा तेवढा लख्ख. वास्तूचे सपाट तुकडे होऊन समोर आले. बेंद्रे १९४७-४८मध्ये अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कच्या विंडरमियर गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, येताना युरोप पाहिला. परतल्यावर त्यांच्या चित्रात घनवादाची, म्हणजे आकारांचे कोनदार तुकडे पाडायची, तोडणी आली. 'द थॉर्न' या चित्राला १९५५मध्ये राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पिकासो-ब्राक यांचा तो प्रभाव होता हे खरंच, पण करडी, तपकिरी घनवादी चित्रं पाहिली की बेंद्र्यांचा रंग वेगळा उठून दिसतो. तुकडे तोडले तरी त्यांनी ऊन घालवलं नाही.

सोमवार : काकांचं घर आणि गाडी

इंदूरला परतल्यावर काकांनी घरी बोलावलं होतं. काकूंनी तिळाची वडी पुढे केली आणि काकांनी कपाटामागून जुनी बोर्डं काढली, सगळी जागेवर बसून केलेली. ओंकारेश्वर, मांडू, महू रस्त्यावरचा पळस. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने महिना आणि वेळ लिहिलेली : 'मार्च, दुपारी तीन'. जोशीसरांची सवय, ते म्हणाले, आणि सरांना ती देवळालीकरांची. मी माझं महेश्वरचं ओलं चित्र दाखवलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "पाणी छान आहे. होडी अजून हलकी हवी होती." मागे वेळ लिहून द्यायला त्यांनी स्वतःची पेन्सिल दिली.

संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस धरली. नाशिकला जायला हा वळसाच, पण बहिणीला मुंबईत काम होतं, आणि ही गाडी बडोद्यावरून जाते. बेंद्रे १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले, १९५९ला अधिष्ठाते झाले, १९६६ला नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रं काढायला मोकळे झाले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख त्यांचे विद्यार्थी. काश्मीरहून आलेले जी. आर. संतोषसुद्धा त्यांच्याकडे शिकले. यांतला एकही जण बेंद्र्यांसारखं रंगवत नाही. देवळालीकरांच्या वर्गातही हेच झालं होतं : हुसेन, चिंचाळकर, बेंद्रे, तिघांच्या तीन दिशा. चिंचाळकर गुरुजी तर पुढे कॅनव्हास सोडून वाळक्या फांद्या आणि टाकाऊ वस्तूंत आकार शोधत राहिले. विद्यार्थ्याला आपली नक्कल करू न देणं हे बेंद्रे इंदूरहूनच घेऊन गेले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पद्मश्री १९६९ला मिळाली, पद्मभूषण १९९२ला, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले.

रात्री उशिरा बडोदा आलं. बहीण झोपली होती. मी फलाटावर उतरून चहा घेतला आणि पुढचा बेत तिथेच पक्का केला. ललित कला विभाग उन्हाळ्याच्या सुट्टीत बघण्यात मजा नाही, वर्ग भरलेले आणि मुलं काम करत असताना जायला हवं. म्हणून मार्चच्या आत, आणि या वेळी तैलरंग घेऊन.